माझं सीमोल्लंघन आणि आत्याचा कॉम्प्युटर

सुमनआत्या दिंडोरीहून दोन बॅगा घेऊन आमच्याकडे आली आणि तिची खाट माझ्या खोलीत पडली. मला कोणी विचारलं नाही. इंदिरानगरमधला आमचा फ्लॅट तीन खोल्यांचा. पुढची खोली येणाऱ्याजाणाऱ्यांची, मधली आई-बाबांची आणि मागची, गॅलरीची, ती माझी. इंजिनिअरिंगला लागलेल्या मुलीची खोली म्हणून तिचा काय तो थाट होता. आत्याने पहिल्याच आठवड्यात त्या थाटावर बोळा फिरवला. पहाटे उठून ती केसांना खोबरेल चोपडायची, कपाटाचं दार धाडकन लावायची, पंखा तीनवरून एकवर आणायची आणि मी कूस बदलली की म्हणायची, "वैशे, ऊठ. आणि ही ओढणी आहे की पायपुसणं?" मी तिचा राग राग करायचे. तीही काही माझ्यावर जीव टाकत नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण वय झालं की माणसं आठवणी लिहायला बसतात आणि सगळ्यांना माफ करून मोकळी होतात. मग सगळ्या आत्या-काकू आपोआप प्रेमळ होतात. माझी चाळिशी उलटली, पण मला तसलं काही झालेलं नाही. आमच्यात प्रेम नव्हतं.

तिचं सासर दिंडोरीच्या पुढे, द्राक्षबागायतदारांचं खातंपितं घर. नवरा मारत नव्हता, पीत नव्हता, सासूही फार खाष्ट नव्हती. तरी ही बाई बारा वर्षांचा संसार सोडून भावाच्या दारात आली, आणि का आली ते कोणाला सांगेना. आई आडून आडून विचारायची, तर ही म्हणायची, "वहिनी, भाकरी करपतेय बघा." बाबा कचेरीत हेडक्लार्क होते आणि घरातही हेडक्लार्कच होते. त्यांनी तिला सरळ मुदत घालून दिली. जेवणाच्या पानावर, सगळ्यांसमोर. "हे बघ सुमे, दिवाळीपर्यंत राहा. तोवर स्वतःच्या पायावर उभी राहिलीस तर ठीक. नाहीतर दिवाळीला तिकडून कोणी आलं की त्यांच्याबरोबर जायचं. कचेरीत लोक विचारतात मला." आत्याने मान वर केली नाही. आमटीत भाकरी कुस्करत राहिली. मी मनातल्या मनात महिने मोजले.

लग्नाआधी तिने मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा दिली होती आणि त्यात पहिला वर्ग मिळवला होता. तेवढीच तिची मिळकत. कॉम्प्युटर बाबांनी माझ्या शिक्षणासाठी घेतलेला, पण मी कॉलेजला गेले की त्याच्यापुढे ती बसायची. ओळखीतल्या एका मुलाने तिला मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर कुठूनतरी आणून टाकून दिलं होतं. त्यात अक्षरं जुन्या टाइपरायटरवर असायची त्याच जागी होती, त्यामुळे तिला नवीन काही शिकावं लागलं नाही. बटणं मात्र ती खिळे ठोकल्यासारखी बडवायची. जिन्यात दोन मजले खाली आवाज जायचा. कॉलेजातून येताना तो ऐकला की माझं डोकं फिरायचं. माझा कीबोर्ड होता तो. सोसायटीच्या नोटिसा, लग्नपत्रिकांचे मजकूर, कोणाच्या तेराव्याचं पत्र असली कामं तिला मिळत. आणि मग गणपतीच्या सुमारास भामरे नाना आले. नाना आमच्या समाजाच्या वधूवर मंडळाचे सेक्रेटरी. डोक्यावर टोपी, काखेत फायली. तुळशीच्या लग्नानंतर मेळावा होता, त्यासाठी साडेतीनशे मुलामुलींची परिचय पुस्तिका टाइप करायची होती आणि दिवाळीच्या आधी छापखान्यात द्यायची होती. नाना म्हणाले, "हे नीट करून दिलंत ताई, तर मंडळाचं सगळं लिखापढीचं काम तुमचंच." आत्याने फायली दोन्ही हातांनी घेतल्या. त्या दिवसापासून आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, की ही पुस्तिका झाली तर आत्या नाशकात राहणार आणि नाही झाली तर दिंडोरीला जाणार.

ती टाइप करताना मोठ्याने शेरे मारायची. "मुलगा निर्व्यसनी, पाच एकर बाग, शिक्षण नववी नापास. अपेक्षा काय म्हणे, तर गोरी, उंच, इंजिनिअर आणि शेतीची आवड असलेली. अपेक्षा बघा मेल्याच्या! वैशे, तुझी पत्रिका देऊ का गं?" आई स्वयंपाकघरात फिदीफिदी हसायची. मी कानात बोळे घालून बसायचे.

आता माझ्या वेडाबद्दल. कॉलेजात आमचा पाचसहा जणांचा कंपू होता आणि आम्हाला लिनक्सचा शोध लागला होता. म्हणजे जगाला लागून बरीच वर्षं झाली होती, पण आम्हाला तो आम्हीच लावल्यासारखा वाटत होता. कॉम्प्युटर चालवणारी सगळी व्यवस्था फुकट, कोणाच्या बापाची नाही, हवी तशी बदलता येते, व्हायरस नाहीत, आणि खूण म्हणून एक गुबगुबीत पेंग्विन. पत्ता कळवला की परदेशातून पाकिटात घालून सीडी यायची, त्याचे पैसे नाहीत. तोवर नाशकात आम्ही सगळेच चोरीच्या विंडोजवर जगत होतो, आणि ते एकदम मला लाजिरवाणं वाटायला लागलं. मी घरात प्रवचनं द्यायला लागले. बाबा म्हणायचे, "फुकट देतात म्हणजे काहीतरी गोम असणार." आई म्हणायची, "त्याच्यावर मालिका दिसतात का?" पहिला प्रयोग मी गंगापूर रोडच्या मावशीकडे केला. रविवारी जाऊन, श्रीखंडपुरी हाणून, त्यांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून आले. पंधरा दिवसांत काकांनी कोणालातरी बोलावून सगळं पूर्ववत करून घेतलं, कारण त्यांचा पत्त्यांचा डाव सापडेना. मला कळवलंसुद्धा नाही. मी मावशीशी महिनाभर बोलले नाही. खरं सांगायचं तर त्या वयात मला कोणाला मदत करायची नव्हती, मला जिंकायचं होतं.

नवरात्रात आमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला. नानांच्या मुलाने आणलेल्या फ्लॉपीतून आला. पडद्यावरच्या खिडक्या आपोआप उघडायला लागल्या, दर तासाला यंत्र ठप्प. आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. मी संधी साधली. "बघ, म्हणून सांगत होते. लिनक्स टाकते, कटकट मिटेल."

"माझं काम होईपर्यंत हात लावायचा नाही."

"अगं पण हे कधीही बसेल. मग रडत बसशील."

"बसू दे. माझं मी बघीन. तुळशीचं लग्न होऊन जाऊ दे, मग तुझा तो पेंग्विन आण नाहीतर हत्ती आण."

निदान एवढं तरी तिने ऐकलं, की तिच्या सगळ्या फायली मी एका सीडीवर उतरवून दिल्या. तोवर दोनशे नव्वद बायोडाटा झाले होते. सीडीवर निळ्या पेनाने 'सुमनआत्या, बायोडाटा' असं लिहिलं आणि तिच्या हातात दिली. "जपून ठेव. तुझं सगळं काम यात आहे." बस, एवढंच सांगितलं. मागच्या चकचकीत बाजूला काही लागू द्यायचं नसतं, हे मला इतकं उघड वाटत होतं की ते सांगायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. आत्याच्या मते जपून ठेवायची जागा घरात एकच होती. तिने सीडी देव्हाऱ्यात ठेवली.

दसऱ्याला सकाळी पूजा मांडली. बाबांचं पेन, स्कूटरची किल्ली, आईची विळी आणि कातर, माझी पुस्तकं, आत्याचा कीबोर्ड, सगळ्यांना हळदकुंकू. झेंडूच्या ढिगात सीडीची कडा दिसत होती. मी नीट बघितलं नाही. श्रीखंडाचा, तळणीचा, उदबत्तीचा वास घरभर भरला होता आणि मी मस्त मूडमध्ये होते. तेवढ्यात नाना सोनं द्यायला आले. कॉम्प्युटर बरा आहे ना, असं त्यांनी सहज विचारलं, आणि आत्या म्हणाली, "आहे अजून. पण आमच्या वैशालीचा डोळा आहे त्याच्यावर. मावशीचा बिघडवून आली, आता माझ्या मागे लागलीय. हिला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत नाना, आणि ही जग सुधारणार." नाना टोपी सावरत खो खो हसले. बाबाही हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पुरी तशीच ताटात टाकून उठले.

तीन वाजता ती तिघं सोनं वाटायला गंगापूर रोडला गेली. मी डोकं दुखतंय म्हणून मागे राहिले. लिनक्सची सीडी घातली. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं असतं, तर हे घ्या, असं स्वतःशीच म्हणाले. मला ते तेव्हा फार चतुर वाटलं होतं. यंत्राने विचारलं, सगळी डिस्क पुसून वापरू का? मी हो म्हटलं. तिच्या फायली सीडीवर आहेतच, हे मला पाठ होतं. तासाभरात काम झालं. पडद्यावर नवा कोरा तपकिरी रंग आला आणि मी खुर्चीत मागे रेलून त्याच्याकडे बघत बसले.

ती आली तेव्हा तिच्या हातात आपट्याची पानं तशीच होती. दारातून पडदा बघितला. "हे काय?"

"लिनक्स."

"माझं काम?"

"सीडीवर आहे ना सगळं. उद्या उतरवून देते. आज सणाचं डोकं नको खाऊस."

ती पानं टेबलावर ठेवून आत गेली. आत्या भांडली नाही याची मला भीती वाटायला हवी होती, पण मला त्यात विजय दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सीडी मागितली. आई म्हणाली, "थांब, भांड्यांत आहे. पूजेच्या तांब्यापळीबरोबर मी तीही घासली. गंध काही निघत नव्हतं बाई, चिंच लावली, मग पावडर लावली, तेव्हा कुठे निघालं." तिने ती पदराला पुसून माझ्या हातात दिली. मागच्या बाजूवर घासणीचे गोल गोल ओरखडे होते. झालं होतं असं, की आत्याने पूजेत सीडीवर ओल्या गंधाने सरस्वती काढली होती, आम्ही लहानपणी पाटीवर काढायचो तशी. आणि ती काढली होती चकचकीत बाजूवर.

"तिकडे कशाला काढलीस?" मी किंचाळले.

"मग काय लिहिलेल्या बाजूला काढू? अक्षरं होती त्यावर. अक्षरांवर कोणी गंध फासतं का? कोऱ्या बाजूला काढली."

सीडी घातली. यंत्र घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. दहा वेळा पुसून घातली, कॉलेजातल्या चार कॉम्प्युटरवर घालून बघितली. काहीच निघालं नाही. संध्याकाळी घरात जे भांडण झालं ते अख्ख्या बिल्डिंगने ऐकलं. मी ओरडले, "सीडीवर सरस्वती कोण काढतं?" आत्या ओरडली, "सणाच्या दिवशी दुसऱ्याचं काम कोण पुसतं?" आई म्हणत राहिली, मला काय माहीत, मला कोणी सांगितलं होतं का. बाबा कोणाचीच बाजू न घेता सगळ्यांवर ओरडले.

एकच गोष्ट बरी होती. टाइप झालेली पानं नानांनी तपासायला छापून नेली होती, ती त्यांच्याकडून परत आली. म्हणजे सगळं पुन्हा टाइप करता येणार होतं, दिवसही अठरा होते. आत्या म्हणाली, "पहिलं होतं ते परत टाक." मी म्हणाले, "नाही. आता याच्यावरच कर. शिक जरा नवीन." तिने प्रयत्न केला. पण यावर मराठी अक्षरांच्या जागाच वेगळ्या. क मारायला जावं तर भलतंच उमटायचं. मिनिटाला चाळीस शब्द मारणारी बाई एकेका अक्षरासाठी बोट वर धरून कीबोर्डभर शोधत बसली. मी मागे उभी राहून म्हणत होते, "सोपं आहे गं. चौथीतली पोरं शिकतात." तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दोन दिवस मी तिला असं छळलं. या दोन दिवसांबद्दल लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण मग हे प्रकरण लिहिण्यात काय अर्थ होता? तिसऱ्या दिवशी मीच घाबरले आणि गुपचूप जुनं परत टाकायच्या मागे लागले, तर तिचं ते मराठीचं सॉफ्टवेअर देणारा मुलगा नोकरीला बंगळुरूला निघून गेलेला. तसलं दुसरं कोणाकडे मिळेना. मागे जायची वाट मी स्वतःच्या हाताने बंद केली होती.

त्या संध्याकाळी बाबांनी दिंडोरीला फोन लावला. पुढच्या खोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "हो, सुमनबद्दलच. काम काही होत नाही तिच्याच्याने. दिवाळीला न्यायला या." खरं सांगते, मला पहिल्यांदा माझी खोलीच आठवली. लाज वाटते, पण तसंच झालं. मी पाणी प्यायला आत गेले. आत्या ओट्याखाली पाटावर बसून मेथी निवडत होती. निवडायची थांबली होती. मेथीची जुडी मांडीवर पडली होती आणि तिच्यावर तिची दहाही बोटं चालत होती. ओठ मिटलेले, नजर भिंतीकडे, आणि बोटं मात्र भराभर, न अडखळता काहीतरी टाइप करत होती. काय टाइप करत होती कोण जाणे. मला तिथे उभं राहवेना. मी पाणी न पिताच परत फिरले.

लिनक्सबद्दल मी एवढी प्रवचनं दिली होती, त्यातलं एक वाक्य होतं, हवं तसं बदलता येतं. ते मी कधी करून बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवलं आणि तिच्यासमोर कागद घेऊन बसले. "तुझ्या मशीनवर कुठलं अक्षर कुठे होतं ते सांग. मी यावर तसंच करते."

"मला काय माहीत?"

"म्हणजे? पहिला वर्ग मिळवलास ना?"

"मला नाही माहीत, बोटांना माहीत आहे."

मग आम्ही वेगळंच केलं. कॉम्प्युटर बंद ठेवला. ती डोळे मिटून कीबोर्डवर हात ठेवून बसली. मी शब्द म्हणायचे, तिची बोटं पडायची आणि कुठलं बोट कुठे पडलं ते मी लिहून घ्यायचे. कमळ. बदक. घर. झगा. अख्खी दुपार गेली. वीज गेली तरी आमचं काम चालू होतं, वीज लागतच नव्हती. त्या पाच तासांत शब्दांपलीकडे आम्ही एकमेकींशी बोललो नाही. संध्याकाळपर्यंत मी ती सगळी अक्षरं नव्या जागी बसवली. एक गोष्ट काही केल्या जमली नाही. मशीनवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारतात, इथे ती नंतर मारावी लागायची. हे सांगताना माझा आवाज आपोआप खाली आला.

"तेवढं मी करीन," आत्या म्हणाली. "पण तुझ्यासाठी नाही."

आणि पुन्हा ती बडवाबडवी सुरू झाली. पहिले दोन दिवस वेलांट्या चुकल्या, प्रत्येक चुकीला ती माझा उद्धार करायची. मग चुका थांबल्या. कॉलेजातून आले की मी पानं वाचून दाखवायचे आणि ती मारायची. नववी नापास, पाच एकर बाग, अपेक्षा गोरी. आता ती शेरे मारत नव्हती. स्वयंपाकघरात फराळ सुरू झाला होता. चकलीच्या भाजणीचा वास, करंज्यांचं सारण, शेवेच्या सोऱ्याची करकर. आई बशी आणून ठेवायची आणि आत्या एका हाताने चकली मोडून खायची, दुसरा हात बटणांवर. माझ्याकडे बशी सरकवायची नाही. मीही मागितली नाही.

वसुबारसेच्या दिवशी दुपारी तिचे धाकटे दीर दत्तूभाऊ जीप घेऊन आले. पायाला बागेतली माती, हातात पेरूंची पिशवी. बाबांनी चहा सांगितला आणि आत्याला हाक मारली. ती बाहेर आली नाही. शेवटी दत्तूभाऊच मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. मी खाटेवर पानं घेऊन बसले होते.

"वहिनी, लय दिस झाले. चला आता. आईबी वाट बघतीय. कोण काय बोलायचं नाय तुम्हाला."

"बसा भाऊजी," आत्या पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली. "सतरा राहिलेत."

"काय सतरा?"

"माणसं. वैशे, पुढचं वाच."

मी वाचलं. बाबा दारात आले, "सुमे, लोक ताटकळलेत," म्हणाले, परत गेले, पुन्हा आले. मी वाचत राहिले. माझ्या ओळी चुकत होत्या, तिची बोटं चुकत नव्हती. दोन तास दत्तूभाऊ पुढच्या खोलीत पेपर चाळत बसले. मग प्रिंटरवर पानं छापायला लावली आणि तेवढ्यात नानाही आले, त्यांना आत्यानेच बोलावलं होतं. त्यांनी उभ्याउभ्या पंधरा-वीस पानं चष्म्याखालून तपासली, बोटाला थुंकी लावून उलटली. "चूक नाही हो एक," ते बाबांना म्हणाले. "ताई, दिवाळी झाली की मंडळाच्या ऑफिसात या. टेबल-खुर्ची रिकामीच पडलीय." बाबा हसल्यासारखं करून चहाचे कप गोळा करायला लागले, त्यांनी कप उचललेले मी त्याआधी कधी बघितले नव्हते.

दत्तूभाऊ चपला घालताना म्हणाले, "मग घरी काय सांगू वहिनी?"

"कामावर आहे म्हणून सांगा."

जीप गेली. मी मागच्या खोलीत आले. मला वाटलं होतं, आता ती एखादा शब्द तरी बोलेल. मीच अखेर म्हणाले, "आत्या, चुकलं माझं. पण शेवटी झालं ना सगळं? आणि मी चांगल्यासाठीच केलं होतं."

ती खुर्चीत वळली. त्या पंधरवड्यात तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"लग्नात मी माझं टायपिंगचं मशीन घेऊन गेले होते," ती म्हणाली. "सगळं आवरलं की दुपारी बसायचे. बारा वर्षं. मागच्या उन्हाळ्यात चार दिवस देवीला जाऊन आले, तर मशीन नाही. आमच्या ह्यांनी गावच्या शाळेला देऊन टाकलं. शाळेने सत्कार केला त्यांचा, शाल दिली. मला म्हणाले, अगं चांगल्या कामाला दिलं, तुझं नाव सांगितलंय तिथे. मारलं नाही, शिवी दिली नाही. चांगल्यासाठीच केलं. फक्त मला विचारलं नाही."

बाहेर कोणीतरी पोरांनी लवंगी माळ लावली होती.

"हे दादाला आणि वहिनीला सांगू नकोस. त्यांना ते भांडणाचं कारणच वाटणार नाही," ती म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे वळली. "आता तो तुझा पासवर्ड सांग."

कॉम्प्युटर चालू करायचा पासवर्ड मी तिला दिलाच नव्हता. रोज सकाळी मी तो घालायचे आणि मगच तिचं काम सुरू व्हायचं. वीज जाऊन आली की ती माझी वाट बघत बसायची. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मी पासवर्ड सांगितला. तिने तो कागदावर लिहून घेतला.

"आणि बदलायचा कसा?"

तेही दाखवलं. शेवटच्या ठिकाणी आले, तिथे नवा शब्द लिहायचा होता.

"तोंड तिकडे कर," आत्या म्हणाली.

मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागून बटणांचा आवाज आला, सावकाश, एकेक. तिने काय लिहिलं ते तिने मला कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.